फाईलीतला मामा

मुलांनो, उजव्या हाताची मूठ सैल वळवा, तिची दुर्बीण करा आणि डोळ्याला लावा. दुसरा डोळा मिटा. समोरचा फळा दिसतो ना? पण फळ्याशेजारचं दार नाही दिसत. आता मूठ जरा आवळा. फळाही अर्धाच उरला. आता अशी कल्पना करा, की ही मूठ तुमची नाही. ती तुम्हाला सैल करता येत नाही, आणि दर वर्षी ती आपली आपण थोडी थोडी आवळत जाते.

सोडा आता, हात अवघडला असेल. आपल्या गोष्टीतल्या कस्तुरीला ती मूठ सोडता येत नव्हती. कस्तुरी नऊ वर्षांची होती आणि जत तालुक्यातल्या एका गावात चौथीत शिकत होती. गोष्ट पुढच्या काळातली आहे, पण फार पुढच्या नाही. आज तुमच्यातले जे चौथीत आहेत, ते तेव्हा आईबाप झालेले असतील.

डोळ्याचं चित्र तुम्ही वहीत काढलं असेल. बाहेर पांढरा थर, आत दृष्टिपटल. दृष्टिपटलावर चित्र उमटतं, म्हणून सगळे त्याचं कौतुक करतात. पण या दोघांच्या मध्ये एक काळसर थर असतो, त्याचं नाव रंजितपटल. परीक्षेत एका गुणासाठी ते लिहायचं आणि विसरून जायचं. उन्हाळ्यात माठाला ओलं फडकं गुंडाळतात ना, तसा तो दृष्टिपटलाला गुंडाळलेला असतो, फक्त पाण्याऐवजी रक्ताने ओथंबलेला. दृष्टिपटलाला तोच जेवू घालतो आणि तोच थंड ठेवतो. फडकं वाळलं की माठातलं पाणी तापतं. रंजितपटल वाळायला लागलं की माणसाला आधी तिन्हीसांजेचं दिसेनासं होतं. मग ती मूठ आवळायला लागते.

हे वाळणं अनेक प्रकारचं असतं. म्हणून डॉक्टरांनी जगातल्या सगळ्या आजारांना, गावांना पिनकोड असतो तसे कोड दिले. एच म्हणजे डोळे आणि कान. एच एकतीस म्हणजे बहुतेक रंजितपटलाच्या तक्रारी. त्यापुढे दोन आला, की ती तक्रार आईबापांकडून वारशाने आलेली. आणि त्याच्याही पुढचा आकडा सांगतो, नेमकी कोणती. त्यातले दोनच आपण लक्षात ठेवू. नावं अवघड आहेत, म्हणून त्यांना दोन-एक आणि दोन-तीन म्हणू. डॉक्टरही घाईत तसंच म्हणत.

दोन-एक आईच्या बाजूने येतो. त्यात मुलांची नजर जाते, मुली बहुधा तो नुसता वाहून नेतात, त्यांना फारसा त्रास होत नाही. दोन-तीनला मुलगा-मुलगी सारखेच. पण त्यासाठी आई आणि बाप, दोघांकडून एकेक दोष यावा लागतो. सुरुवातीला दोन्ही आजार सारखेच दिसतात. पिनकोडचा शेवटचा आकडा चुकला तर पत्र शेजारच्या गावाला जातं. इथे काय गेलं, ते पुढे कळेल.

कस्तुरीच्या गावात ग्रामपंचायतीच्या ओसरीवर एक यंत्र होतं. त्याला सांगावा म्हणत. पूर्वी आजारी माणूस नर्सला सांगे, नर्स लिही, डॉक्टर त्यातलं अर्धं वाची. सांगाव्यापुढे बसून तुम्ही तुमच्या घरच्या भाषेत बोलायचं, जतच्या बोलीत बोला नाहीतर चंदगडच्या. यंत्र ते ऐके, कोड लावी, आणि तो कोड देशभरातल्या दवाखान्यांत एका क्षणात पोचे. सांगाव्याने पुष्कळ माणसं वाचवली, हे आधी सांगायला हवं. म्हणून तर लोकांनी हळूहळू सगळंच त्याच्या कोडला जोडलं. रक्ताची तपासणी, औषध, चष्मा, शाळेतलं खाणं, सगळं. कोड म्हणजे आधी नुसती चिठ्ठी होती. तिची किल्ली कधी झाली, कुणाच्या लक्षात आलं नाही.

यंत्र चुकू नये म्हणून माणसंही नेमली होती. जतला एका इमारतीत तिघेजण चार तालुक्यांचं बोलणं तपासत. त्यांच्यातली एक प्रणिता, कस्तुरीची आत्या. पडद्यावर माणसाचं वाक्य येई, त्याखाली यंत्राने लावलेला अर्थ, त्याखाली कोड. नाव नाही, गाव नाही. आठ सेकंदांत "मान्य" किंवा "अमान्य" दाबायचं. दिवसाला तीन हजार ओळी. प्रणिता प्रामाणिक होती, चहा पितानासुद्धा पडदा सोडत नसे.

तीन वर्षांपूर्वी, पहिलीत असताना, कस्तुरीला दोन-एक हा कोड लागला होता. आईकडून आलेला आजार, असं घरी सांगण्यात आलं. पुढचा मुलगा झाला तर त्याची नजर जाण्याची भीती निम्मी, असंही सांगण्यात आलं. कस्तुरीची आई सारिका आणि वडील सोमनाथ, दोघांनी दुसरं मूल नको असं ठरवलं. सोमनाथ बायकोला कधी काही बोलला नाही. पण त्या न बोलण्याचंही ओझं असतं. सारिका तीन वर्षं घरात जरा वाकूनच वावरत होती.

मग एक दिवस कस्तुरी शाळेत भर दुपारी पाण्याच्या पिंपावर आपटली. पिंप तिच्या डाव्या हाताला होतं, आणि तिला ते दिसलंच नव्हतं.

सारिका तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. कोडचं बोलणं कळावं म्हणून प्रणितालाही बरोबर घेतलं. डॉक्टर शहनाज मुजावर यांनी कस्तुरीच्या डोळ्याच्या आतला फोटो काढला आणि बराच वेळ बघत बसल्या. नारिंगी रंगाच्या गोलाच्या कडेला पांढरट डाग होते, गोल गोल, एकाला एक चिकटलेले. भाकरीच्या कडेने कुणी घास घास चावे घ्यावेत, तसे.

"मुलीला दोन-एक असेल तर डाग एवढे वाढत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या.

टेबलावरचं यंत्र लगेच बोललं. "कोड दोन-एक. वाहक मुलगी. तीव्रता दुर्मीळ. कोड कायम."

"हे फोटो बघत नाही का?" प्रणिताने विचारलं.

"बघतं. पण आधी कोड वाचतं आणि मग फोटोत तोच हुडकतं. एखाद्याला एकदा चोर ठरवला, की त्याचं खोकणंसुद्धा चोरासारखं वाटतं ना, तसं." डॉक्टर सारिकाकडे वळल्या. "घरात आणखी कुणाला होतं असं?"

"आमच्या मामांना. तिन्हीसांज झाली की भिंत धरून चालायचे."

"हां, आहे फाईलीत. आईचा भाऊ."

"कुठला भाऊ?" सारिका म्हणाली. "मला भाऊच न्हाई, डॉक्टर. आम्ही दोघी बहिणी."

कस्तुरी फिरत्या स्टुलावर गरगर फिरत होती. ती थांबून म्हणाली, "मला मामा न्हाई. वर्गात सगळ्यांना हाय, मलाच न्हाई."

प्रणिता चटकन सारिकाकडे वळली. कारण तिन्हीसांजेला भिंत धरून चालणारे ते मामा म्हणजे तिचे स्वतःचे वडील होते.

आता नीट ऐका, कारण सगळी गोष्ट या एका शब्दावर फिरते. सोमनाथने मामाची मुलगी केली होती. म्हणजे सारिका ही सोमनाथ आणि प्रणिता यांची मामेबहीण. लहानपणी सारिका आपल्या आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणायची, कारण आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. पुढे त्याच घरात ती सून होऊन आली. सून सासऱ्यालाही मामाच म्हणते. लग्नाआधी मामा, लग्नानंतरही मामा, माणूस एकच. पण यंत्राच्या शब्दकोशात मामा या शब्दापुढे एकच अर्थ होता, आईचा भाऊ.

प्रणिताने हे नातं सांगितल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या सासऱ्यांना होतं? हिच्या वडिलांच्या वडिलांना?"

"व्हय."

"मग हा दोन-एक असूच शकत नाही. तो ज्या गुणसूत्रावरून येतो, ते बाप आपल्या मुलाला देतच नाही. आजोबांकडून बापाकडे यायला ती वाटच नाही." त्यांनी पुन्हा फोटोकडे पाहिलं. "तुमच्या घरात मागेही मामाचीच मुलगी करत आलेत का?"

"दोन पिढ्या," प्रणिता म्हणाली. "आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी पण मामाचीच केली होती."

"म्हणजे तोच दोष दोन्हीकडून फिरून आला असणार. बहुतेक दोन-तीन. रक्त तपासलं तर कळेल." डॉक्टर थांबल्या. मग हळूच विचारलं, "ही खाते काय?"

"सगळं खाती की. शेंगदाण्याची चटणी तर तिला रोज लागती. आन् शाळेत चिक्की मिळती, नजरेसाठी म्हणून."

डॉक्टरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. मग त्यांनी समजावून सांगितलं ते असं. डाळी, शेंगदाणे, तीळ, अंडी, दूध यांत प्रथिनं असतात. प्रथिनांमधल्या एका घटकापासून शरीरात ऑर्निथिन नावाचं द्रव्य तयार होतं. तुमच्या-माझ्या शरीरात ते साठत नाही, त्याला मोडणारा एक मजूर असतो. दोन-तीनच्या मुलांमध्ये तो मजूर कामावर येतच नाही. मग ऑर्निथिन रक्तात साचत जातं आणि रंजितपटल वाळत जातं. लहानपणापासून प्रथिनं मोजून दिली आणि वाढीसाठी एक खास भुकटी दिली, तर मूठ पुष्कळ सावकाश आवळते. शेंगदाण्यात तर तो घटक भरपूर.

"म्हंजे तीन वर्षं आम्ही..." सारिकाने वाक्य पुरं केलं नाही.

डॉक्टरांनी रक्ताच्या तपासणीची मागणी यंत्राला सांगितली. यंत्र म्हणालं, "ही तपासणी कोड दोन-एकला लागू नाही."

"बाहेरून करून घेऊ," प्रणिता म्हणाली.

"बाहेरही सुई टोचायच्या आधी हीच फाईल उघडते. आणि भुकटी दोन-तीनच्या कोडशिवाय निघत नाही. मला पटलंय हो सगळं," डॉक्टर म्हणाल्या, "पण माझं पटणं लिहायला यात जागा नाही."

फाईल बघण्याचा हक्क आईला होता. त्याच संध्याकाळी घरी सारिकाने ती मोबाईलवर उघडली. तीन वर्षांपूर्वीचं तिचं बोलणं जसंच्या तसं होतं. "आमच्या मामांनाबी असंच होतं. तिन्हीसांज झाली की भिंत धरून चालायचे." त्याखाली यंत्राचा अर्थ होता, आईचा भाऊ, बाधित. त्याखाली कोड. आणि सगळ्यांत खाली बारीक अक्षरांत, मान्य, तपासनीस क्रमांक सत्तावीस.

"हा सत्तावीस कोण हाय?" सोमनाथने रागाने विचारलं. "त्याला जाऊन धरतो."

प्रणिता चुलीजवळच्या पाटावर बसली होती. तिच्या गळ्यात कामावरचं ओळखपत्र तसंच होतं. तिने ते काढून त्याच्यासमोर ठेवलं. सत्तावीस.

कुकरची शिट्टी झाली, ती कुणी मोजली नाही.

"मला नाव दिसत नाही रे," प्रणिता म्हणाली. "वाक्य दिसतं. मामा म्हणजे आईचा भाऊ, हे बरोबरच आहे म्हणून मी दाबलं. भिंत धरून चालायचे, हे मी वाचलं, सोमनाथ. आबांना हाताला धरून मीच न्यायची अंगणात. आणि मी ते वाचलं आणि दाबलं."

लग्नाआधी सारिका तिला नावाने हाक मारायची आणि लग्नानंतरही मारायची. चिडली की मात्र वन्सं म्हणायची.

"वन्सं," सारिका म्हणाली, "तुमाला तुमचा बाप वळखू आला न्हाई?"

मग लगेच तीच रडायला लागली. "माझंच चुकलं. सासरे म्हणाले असते तर झालं असतं. पण जलमभर मामाच म्हटलं की गं त्यांना."

कस्तुरी जेवायला बसली होती. मोठी माणसं रडायला लागली की मुलांना काहीतरी करावंसं वाटतं, ते तुम्हाला माहीत आहे. तिने पाण्याचा स्टीलचा तांब्या रिकामा केला, तोंडाशी धरला आणि आत घुमणाऱ्या जाड आवाजात म्हणाली, "मी मामा बोलतोय. भाचीला चिक्की देऊ नका. मला द्या."

सगळ्यांना हसू फुटलं. सोमनाथला तर ठसका लागला. पण ते हसू फार टिकलं नाही.

सारिकाने सांगाव्याला सासऱ्यांचं सांगून पाहिलं, पण मामाची नोंद आहे तोवर कोड कायम, एवढंच तो म्हणाला. म्हणून दुसऱ्या दिवसापासून प्रणिताने अर्ज करायला सुरुवात केली. पहिल्या अर्जात तिने सरळ लिहिलं, की आईला भाऊ नाही, ही नोंद काढून टाकावी. उत्तर आलं, "नातेवाईकाची नोंद वगळण्यासाठी त्या नातेवाईकाची संमती आवश्यक आहे."

तिने लिहिलं, असा माणूसच नाही. उत्तर आलं, "नातेवाईक हयात नसल्यास मृत्यूचा दाखला जोडावा."

"ज्याचं बारसं झालं न्हाई, त्याच्या मयताचा दाखला कुठनं आणायचा?" सोमनाथ म्हणाला. तरी तो सरपंचांकडे गेला आणि सारिकाला भाऊ नसल्याचा शिक्क्याचा दाखला घेऊन आला. उत्तर आलं, "दाखल्यात नातेवाईकाचे नाव नमूद नाही."

चौथं उत्तर त्यातल्या त्यात नम्र होतं. "संबंधित नातेवाईकाच्या दृष्टीविषयी नवी माहिती असल्यास त्यांनी स्वतः कोणत्याही सांगाव्यासमोर येऊन सांगावी. फाईल पुन्हा तपासली जाईल."

कस्तुरीने ते मोठ्याने वाचून दाखवलं. पडद्यावर बोट ठेवून ती एकेक शब्द वाचत होती, कारण तिला एका वेळी एकच शब्द दिसायचा.

सोमनाथ बहिणीला म्हणाला, "तू आत बसतीस. एखाद्या दिवशी आपली ओळ आली तर दाबून टाक अमान्य."

"जुनी ओळ परत येत नाही. आणि आली तरी नाव दिसत नाही."

"मग काहीतरी लिहून टाक. खोटं असू दे."

"एकदा नीट न बघता दाबलं म्हणून हे झालं," प्रणिता म्हणाली. "आता खोटं कसं लिहू?"

तिने खरं लिहिलं. मी, तपासनीस क्रमांक सत्तावीस, अमुक तारखेला चुकीचा अर्थ मान्य केला, असा कबुलीजबाब तिने दिला. तिला वाटलं होतं, चूक करणाऱ्यानेच चूक कबूल केल्यावर आणखी काय हवं? तिसऱ्या दिवशी तिचा क्रमांक बंद झाला. तिने पाच वर्षांत मान्य केलेल्या पंचेचाळीस लाख ओळी पुन्हा तपासायच्या ठरल्या, सुरुवातीपासून, क्रमाने, रोजचं काम सांभाळून दिवसाला पाचशे. कस्तुरीची ओळ येईपर्यंत कस्तुरी वीस वर्षांची होणार होती.

आता उरला तो घरचा उपाय. सारिकाने चटणीचा डबा माळ्यावर टाकला. डाळ बंद केली, दूध अर्धं केलं. तांदूळ, भाज्या, फळं एवढ्यावर पोरीचं ताट लावायला लागली. डॉक्टरांनी बजावलं होतं, की भुकटीशिवाय असं फार दिवस करू नका, वाढीचं अंग आहे. पण किती दिवस म्हणजे फार, ते रक्त तपासल्याशिवाय त्यांनाही सांगता येत नव्हतं.

"भूक लागली," कस्तुरी रात्रीच्या जेवणावरून उठतानाच म्हणायची.

"केळं खा."

"केळ्याची भूक न्हाई. चटणीची भूक हाय."

महिनाअखेरीला शाळेत वजन झालं. कस्तुरीचं दीड किलो उतरलं होतं. त्याच संध्याकाळी तिच्या फाईलीत आणखी एक कोड जोडला गेला. अपुरा आहार, पालकांचं दुर्लक्ष. आरोग्य केंद्राच्या आशाताई तपासणीला घरी आल्या, त्या ओळखीच्याच होत्या. डबे बघताना त्यांची मान वर होत नव्हती. "सारिका, बाई, मला ठाऊक हाय गं तू कशी हाईस," त्या म्हणाल्या. "पण मला कागदावर डबेच लिहायचेत."

नव्या कोडप्रमाणे शाळेत कस्तुरीला एकाऐवजी दोन चिक्क्या मिळायला लागल्या. आणि वर्गाच्या बाईंनी समोर उभं राहून त्या खाऊन घ्यायच्या, असा आदेश आला. बाई भल्या होत्या. प्रणिताने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, त्यांच्या डोळ्यांत पाणीही आलं. पण भिंतीवरचा कॅमेरा चिक्की मोजत होता, आणि एक चिक्की कमी भरली तर पुढचा कोड लागून पोरीला घरातून हलवतील, अशी त्यांना भीती होती. ती भीती खोटी नव्हती.

म्हणजे बघा. डॉक्टरांना पटलं होतं, बाईंना पटलं होतं, आशाताईंना, सरपंचांना, सगळ्यांना. त्यांच्यात एकही माणूस वाईट नव्हता. आणि रोज दुपारी सव्वा वाजता सगळ्यांच्या देखत ती पोर दोन चिक्क्या खात होती.

त्या आठवड्यात एकदा दिवेलागणीला प्रणिता तिला अंगणात घेऊन बसली होती. आबांना जसा हात द्यायची, तसा हात देऊन.

"आत्या, चांदण्या असतात म्हंजे कशा असतात?"

"बारीक बारीक उजेड असतो. सगळीकडे सांडलेला."

"मोजता येतात?"

"मोजता येतात. संपत नाहीत."

"मामाला दिसत असतील का?"

"कुठल्या मामाला? आबांना?"

"न्हाई. फाईलीतल्या."

"तो नाही गं कुठेच," प्रणिता म्हणाली. "त्याला काय दिसायचंय?"

"नसला म्हणून काय झालं," कस्तुरी म्हणाली. "त्याचंच तर ऐकतात सगळे."

प्रणिताने पोरीचा हात आपल्या हातात नुसता धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. दुपारी सव्वा वाजता कस्तुरीने बाईंसमोर दोन्ही चिक्क्या खाल्ल्या. तोंड पुसलं. दप्तरातून घरचा स्टीलचा तांब्या काढला आणि म्हणाली, "बाई, पाणी पिऊन येते." बाईंना वाटलं, पोर पिंपाकडे चालली.

कस्तुरी पिंपाकडे गेली नाही. शाळेच्या भिंतीला हात लावून ती फाटकापर्यंत गेली. तिथून ग्रामपंचायतीची ओसरी एकवीस पावलं, ती तिने आधीच मोजून ठेवली होती. ओसरीवर कुणी नव्हतं. ती सांगाव्यासमोरच्या खुर्चीत बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"नमस्कार," सांगावा म्हणाला. "कोण बोलत आहे?"

कस्तुरीने तांब्या तोंडाशी धरला.

"मी मामा," घुमणारा जाड आवाज आला. "कस्तुरीचा मामा. चौथीतल्या कस्तुरीचा."

"आपला आवाज नोंदलेला नाही. नोंदवू का?"

"नोंदव की."

यंत्रावरचा हिरवा दिवा थोडा वेळ लुकलुकत राहिला.

"आपल्या दृष्टीविषयी सांगा. तिन्हीसांजेनंतर आपल्याला दिसतं का?"

"दिसतं की. लख्ख दिसतं," मामा म्हणाला. "चांदण्यासुद्धा दिसतात. मोजून दाखवू?"

आणि यंत्राने हो म्हणायची वाट न बघता, तांब्या दोन्ही हातांनी घट्ट धरून, भर दुपारच्या उन्हात कस्तुरीने डोळे मिटले आणि ती मोजायला लागली.